निकोडेमस : रेल्वे आली नाही त्या गावाची गोष्ट

(हे आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं शब्दांकन. अमेरिकन नावं नुसती ऐकून डोक्यात बसत नाहीत, असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून बोललेलं थोडं नीटनेटकं करून इथे देतोय. बोलण्याचा सूर मात्र तसाच ठेवलाय.)

फोन हातात आहेच, तर आधी एक काम करा. मॅप उघडा आणि अमेरिकेच्या अगदी मधोमध बोट ठेवा. तिथे कॅन्सस नावाचं एक आडवं, चौकोनी राज्य दिसेल. आता त्याच्या वायव्य कोपऱ्याकडे सरका आणि ग्रॅहम काउंटी शोधा. काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधलं काहीतरी. स्वतःचं मुख्यालय, स्वतःचं कोर्ट, स्वतःचा शेरीफ.

आता झूम करा. पहिली गोष्ट लक्षात येईल ती ही, की इथे सगळं चौकोनी आहे. काउंटी चौकोनी, शेतं चौकोनी, रस्ते पट्टीने आखल्यासारखे. आणि या चौकोनात गावं किती? हिल सिटी, वस्ती साधारण चौदाशे. हे मुख्यालय. बोग, दीडशेच्या आसपास. मोरलँड, शे-सव्वाशे. पेनोकी, म्हणजे चार घरं. आणि पूर्वेच्या टोकाला, हायवेला लागून, निकोडेमस. तिथे कायम राहणारी माणसं बोटांवर मोजता येतील.

सगळ्या काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे २,३०० चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २,४१५. म्हणजे एका चौरस किलोमीटरला जेमतेम एक माणूस.

तुम्ही म्हणाल, मग यात ऐकण्यासारखं काय आहे? आहे. कारण या पाच-सहा ठिपक्यांत एक प्रश्न दडलाय, जो आपल्यापैकी गाव सोडून आलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. गाव जगतं कशावर? आणि मरतं कशाने? या काउंटीत एक गाव वादळाने मोडलं, एक रेल्वेमुळे जन्मलं, आणि एक रेल्वे न आल्यामुळे मरायला हवं होतं, पण मेलं नाही. आजची गोष्ट मुख्यतः त्या तिसऱ्या गावाची.

१८७७ : जमीन हवी

गोष्ट सुरू होते ती कॅन्ससमध्ये नाही, तर तिथून खूप पूर्वेला, केंटकी राज्यात. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि गुलामगिरी कायद्याने बंद झाली. इथे आपला एक धागा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केलं, तेव्हा ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून फुले ज्या मुक्तीकडे आशेने बघत होते, ती मिळालेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही.

झालं असं, की माणूस मोकळा झाला, पण जमीन मालकाचीच राहिली. राबायचं त्याच शेतात, वाट्याने. दुकानात उधारी, पीक आलं की हिशोबात सगळं वळतं. दक्षिणेत केंद्र सरकारचं सैन्य होतं तोवर मतदानाचा हक्क थोडाफार टिकून होता. १८७७ साली राजकीय तडजोड झाली, सैन्य मागे घेतलं गेलं आणि दहशत पुन्हा मोकाट सुटली. आता इथे राहून भागायचं नाही, हे लोकांना कळून चुकलं.

त्याच वेळी पश्चिमेकडे एक कायदा वाट बघत होता. १८६२ चा होमस्टेड कायदा. अट साधी. थोडी फी भरा, १६० एकर सरकारी जमिनीवर नाव लावा, पाच वर्षं तिथे राहा, कसा, आणि जमीन तुमची. युद्धानंतर कृष्णवर्णीयांना नागरिकत्व मिळालं, आणि नागरिक झाल्यावर हा कायदा त्यांनाही लागू झाला. जिच्यावर आपण जनावरासारखे राबलो, ती जमीन आता आपल्या नावावर होऊ शकते. विचार करा, ही बातमी केंटकीतल्या एखाद्या चर्चमध्ये पहिल्यांदा ऐकताना लोकांना काय वाटलं असेल.

एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाउन कंपनी स्थापन झाली. सात जण होते. सहा कृष्णवर्णीय आणि एक गोरा. अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ, कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. खजिनदार डब्ल्यू. आर. हिल, जमिनीचा गोरा दलाल. हे हिल नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. कंपनीने पत्रकं छापली, केंटकीत वाटली. नवी वसाहत, सुपीक जमीन, आपलं स्वतःचं गाव. आजच्या प्लॉटिंगच्या जाहिराती आठवा. सूर तोच.

"गाव कुठंय?"

त्या उन्हाळ्यात पहिली छोटी तुकडी आली. सप्टेंबरमध्ये तीनशेच्या आसपास माणसं केंटकीहून निघाली. रेल्वेने एलिस या स्टेशनपर्यंत आली. तिथून पुढे साधारण ५५ किलोमीटर पायी आणि बैलगाडीने. रस्ता असा नाहीच. झाड नाही, डोंगर नाही, नुसतं गवत.

पुढच्या वसंतात, १८७८ मध्ये, आणखी एक तुकडी आली. तिच्यात विलियाना हिकमन नावाची बाई होती. तिने पुढे सांगितलेली आठवण या गावाच्या इतिहासातली सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट आहे. एलिसला पोचल्यावर तुकडीत गोवराची साथ आली. काही मुलं तिथेच गेली. त्यांना पुरून लोक पुढे निघाले. चालता चालता पुढचे लोक आनंदाने ओरडले, निकोडेमस आलं! विलियानाने इकडेतिकडे पाहिलं. गाव कुठंच दिसेना. नवऱ्याला विचारलं, तर त्याने बोट दाखवलं. जमिनीतून धूर वर येत होता. तेच गाव. लोक जमिनीत खणलेल्या घरांत राहत होते. विलियाना सांगते की ते बघून तिला रडू कोसळलं.

ही खोदघरं म्हणजे काय? उतारावर खड्डा खणायचा, समोरची भिंत गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची रचायची, वर फांद्या आणि माती. लाकूड नाहीच, तर घर कशाचं बांधणार? चुलीत जाळायला सूर्यफुलाच्या वाळलेल्या काड्या आणि बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्यांच्या, वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या. जमीन फोडायला पुरेसे नांगर नाहीत, बैलजोड्या नाहीत. कुदळ-फावड्याने माणसांनी ती माती फोडली. ज्या मातीत गवताची मुळं शतकानुशतकं गुंतून बसली होती, ती माती.

बरीच कुटुंबं हे बघून लगेच मागे फिरली. त्यांना दोष देता येत नाही. पत्रकातलं गाव आणि डोळ्यांसमोरचं गाव यांचा काही मेळच नव्हता. पण जी राहिली, ती राहिली. १८७७ च्या शरद ऋतूत तिथे पहिलं मूल जन्मलं, हेन्री विल्यम्स. गुलामगिरीबाहेर, स्वतःच्या गावात. पहिला हिवाळा मात्र जीवघेणा होता. त्या हिवाळ्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी जमातीने, आपल्याकडचं मांस या लोकांना दिलं आणि ते तगले, असं तिथली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत.

इथे क्षणभर थांबूया. 'सरकारी मोकळी जमीन' असं आपण सहज म्हणून गेलो. ती मोकळी कशी झाली? मूळनिवासींना हटवून. स्वतःची जमीन गमावलेल्यांनी, कधीच जमीन न मिळालेल्यांना अन्न दिलं. इतिहासात अशा जागा असतात, तिथे एकालाच नायक करून पुढे जाता येत नाही.

गाव उभं राहतं

दहा वर्षांत चित्र पालटलं. झकरी फ्लेचर याने दुकान काढलं, मग सेंट फ्रान्सिस हॉटेल. त्याची बायको जेनी स्मिथ फ्लेचर, अध्यक्ष स्मिथ यांची मुलगी, गावातल्या पहिल्या शिक्षकांपैकी एक. शाळा आली, चर्च आली, बँक आली, बेसबॉलचा संघ उभा राहिला. दोन वर्तमानपत्रं निघाली. १८८६ साली 'वेस्टर्न सायक्लोन' आणि १८८७ मध्ये 'निकोडेमस एंटरप्राइझ'. ज्या माणसांना काही वर्षांपूर्वी अक्षर शिकवणं दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता, त्यांच्या गावात दोन-दोन पेपर! गावात आणि आसपास गोरे लोकही येऊन राहिले, दुकानं चालवू लागले.

आणि राजकारण? ग्रॅहम काउंटीचा कारभार रीतसर सुरू झाला १८८० मध्ये. तेव्हा तात्पुरते काउंटी क्लार्क म्हणून नेमले गेले एडवर्ड मॅकेब, निकोडेमसला आलेले एक तरुण कृष्णवर्णीय. पुढच्या वर्षी ते त्याच पदावर निवडून आले. आणि १८८२ मध्ये ते अख्ख्या कॅन्सस राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले, तेही गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या राज्यात. जमिनीतून धूर येणाऱ्या गावापासून राज्याच्या तिजोरीच्या हिशोबापर्यंत, पाच वर्षांत.

वादळ आणि रूळ

आता बाकीच्या गावांकडे या. काउंटीचं पहिलं मुख्यालय ना हिल सिटी होतं, ना निकोडेमस. ते होतं मिलब्रुक. मॅपवर शोधू नका, सापडणार नाही. १८८७ साली चक्रीवादळाने मिलब्रुक जवळपास भुईसपाट केलं. १८८८ मध्ये मुख्यालय गेलं हिल सिटीला. हिल सिटी म्हणजे कोण? तेच आपले डब्ल्यू. आर. हिल. निकोडेमसचं पत्रक वाटणारे हिल, आणि शेजारी स्वतःच्या नावाचं गाव वसवणारेही हिल. दलालाने दोन प्लॉट ठेवले होते म्हणा ना.

मुख्यालय मिळणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कोर्ट आलं की वकील येतो, वकील आला की खाणावळ येते, दस्त नोंदवायला आलेला शेतकरी जाता जाता मीठ-साखर घेऊन जातो. आज त्या काउंटीतली निम्म्याहून जास्त माणसं हिल सिटीत राहतात, त्यामागे हेच आहे.

पण मुख्यालयापेक्षाही मोठी गोष्ट होती रेल्वे. त्या मैदानात धान्य पिकवून उपयोग काय, जर ते बाजारात नेता येत नसेल? बैलगाडीने गहू नेला तर गाडीचाच खर्च गव्हापेक्षा जास्त. म्हणून जिथे स्टेशन, तिथे धान्याची कोठारं. जिथे कोठार, तिथे गाव. रेल्वे कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि गावांकडून त्या पैसे मागत. मार्च १८८७ मध्ये निकोडेमसच्या लोकांनी मतदान करून मिसुरी पॅसिफिक रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. लक्षात घ्या, दहा वर्षांपूर्वी कुदळीने जमीन फोडणारी ही माणसं. त्यांनी भविष्यातल्या कमाईवर कर्ज काढायचं ठरवलं, रूळ यावेत म्हणून.

मिसुरी पॅसिफिक आली नाही. युनियन पॅसिफिक आली, पण सोलोमन नदीच्या पलीकडून, दक्षिण काठाने. १८८८ मध्ये दहा किलोमीटरच्या आत तिने आपला तळ टाकला. त्याच जागी बोग हे गाव उभं राहिलं.

पुढे जे झालं ते सांगायला दोन वाक्यं पुरतात, पण घडताना त्या लोकांवर काय गुजरलं असेल बघा. निकोडेमसच्या दुकानदारांनी आपली दुकानं उचलली आणि नदीपलीकडे नेली. उचलली म्हणजे शब्दशः. काही लाकडी इमारतीच ओढत नेल्या. दोन्ही वर्तमानपत्रं बंद पडली. मॅकेब यांच्यासारखा नेता पुढे ओक्लाहोमाला गेला आणि १८९० मध्ये तिथे लँग्स्टन नावाचं नवं कृष्णवर्णीय गाव वसवण्यात पुढे राहिला.

रेल्वेने हे जाणूनबुजून, रंग बघून केलं का? रेल्वेने अमेरिकेत शेकडो गावं अशी मारली, गोऱ्यांचीही. सोयीची जमीन, स्वस्त जमीन, स्वतःच्या मालकीचे प्लॉट विकण्याचा फायदा, हे हिशोब सगळीकडे चालत. पण ज्यांच्याकडे राजधानीत ओळखी नाहीत, शब्द टाकणारं कुणी नाही, त्यांना असा फटका बसला की सावरायला दुसरा आधार नसतो, एवढं नक्की.

मग बाकीची गावं का रोडावली?

बरं, ज्यांना रेल्वे मिळाली ती गावं तरी वाढली का? ग्रॅहम काउंटीत १९१० साली साडेआठ हजारांवर लोक होते. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. बोगला रूळ मिळाले आणि तरी आज दीडशेच माणसं. असं का?

पुन्हा मॅप बघा. १०० अंश पश्चिम रेखांश या काउंटीच्या पश्चिम भागातून जातो. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच, म्हणजे विलियाना रडत होती त्याच वर्षी, सरकारला अहवाल दिला होता. या रेषेच्या आसपास पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरपर्यंत घसरतो आणि तिच्या पश्चिमेला निव्वळ पावसावरच्या शेतीचा भरवसा धरता येत नाही. पूर्वेकडच्या ओल्या प्रदेशात १६० एकरांवर कुटुंब छान जगतं. इथे ते पुरत नाही. पण सरकारने चौकोन आखले ते सगळीकडे सारखेच.

निकाल काय? दुष्काळ आला की शेजारी विकून जायचा आणि राहिलेला त्याची जमीन घ्यायचा. १९३० च्या दशकात धुळीची वादळं आली, तेव्हा हे फार झालं. मग ट्रॅक्टर आला, कंबाइन आला. जिथे दहा कुटुंबं राबत, तिथे एक पुरू लागलं. शेत मोठं होत गेलं आणि माणसं कमी. माणसं कमी की शाळेत मुलं कमी. शाळा बंद की उरलेलं कुटुंबही निघतं. छोट्या वाड्यांवरची पोस्टं तर आधीच उठली होती. कारण १८९६ पासून खेड्यांत पत्र घरपोच मिळू लागलं, आणि पत्र आणायला गावात जाणं थांबलं तसं दुकानात डोकावणंही थांबलं. निकोडेमसचं पोस्ट १९५३ मध्ये बंद झालं.

म्हणजे रेल्वेने जे गाव तगवलं असं वाटलं, त्याला फक्त मुदत वाढवून मिळाली. खरं गणित पावसाचं आणि एकरांचं होतं.

जुलै महिना

मग निकोडेमसच आजही मॅपवर का आहे आणि मिलब्रुक का नाही?

दुकानदार गेले, पण शेतकरी राहिले. त्यांची जमीन उचलून नेता येत नव्हती ना! ज्यांनी पाच वर्षं तगून कागद हातात घेतला होता, ते तो कागद सहज सोडणार नव्हते. आणि जे गेले, त्यांनी येणं सोडलं नाही. इथे फार पूर्वीपासून उन्हाळ्यात एक उत्सव होतो. मुळात तो वेस्ट इंडिजमधली गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ ला संपली त्याच्या आठवणीचा. आता त्याला घरवापसी म्हणतात. जुलैच्या शेवटी देशभरातून मूळ कुटुंबांचे वंशज येतात. वर्षभर शांत असलेलं गाव दोन-तीन दिवस भरून जातं. जेवणावळी, मिरवणूक, चर्चमधली प्रार्थना, आणि कोण कुणाचा नातू याची उजळणी. जत्रेला गावी जाणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

याच गावचा व्हेरिल स्विट्झर १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक फुटबॉल संघाने पहिल्याच फेरीत निवडला. असे लोक बाहेर जाऊन मोठे झाले, तरी गावाशी नातं धरून राहिले. या धरून राहण्यामुळेच १९९६ साली अमेरिकन काँग्रेसने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ घोषित केलं. पाच इमारती जपल्या आहेत. दोन चर्च, शाळा, सेंट फ्रान्सिस हॉटेल आणि १९३९ चं टाउनशिप हॉल. पाचही साध्या. फोटो काढायला थांबावं असं काही नाही. पण त्या कुणी दुसऱ्याने बांधून दिलेल्या नाहीत, आणि त्या कुणासाठी बांधल्या होत्या, हे सांगणारी माणसं अजून येतात.

मला या गोष्टीतून जे मिळालं ते सांगतो आणि थांबतो. आपण 'गाव वाचवा' म्हणतो तेव्हा रस्ता, स्टेशन, कारखाना आणा म्हणतो. आणायलाच हवा. निकोडेमसच्या लोकांनीही १६,००० डॉलर त्यासाठीच मंजूर केले होते, ते भाबडे नव्हते. पण तो निर्णय त्यांच्या हातात नव्हता. त्यांच्या हातात दोनच गोष्टी होत्या, जमिनीचा कागद आणि वर्षातून एकदा परत येणं. त्या दोन्ही त्यांनी सोडल्या नाहीत. गाव मोठं झालं नाही, श्रीमंत झालं नाही. पण 'आमचं गाव कुठंय' असं विचारणाऱ्या नातवाला आजही बोटाने दाखवता येतं. विलियानाला जमिनीतून येणारा धूर दाखवला होता ना, तसंच.

तुमच्या गावाला कुणी असं बायपास केलंय का? रेल्वेने, हायवेने, धरणाने? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. निवडक गोष्टी पुढच्या भागात ऐकवू. तोवर, काळजी घ्या आणि ऐकत राहा.